बडोद्यात समितीच्या शाळांसाठी सल्लागार आयोग नेमायचा तर ठरावात काय लिहावं?

गेंडीगेटवासी

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या काही शाळांच्या व्यवस्थापन समित्या आणि दोन मंडळं मिळून सेवासदनाला, म्हणजे महापालिकेला, प्रस्ताव देणार आहेत. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा सुधाराव्यात म्हणून शहर पातळीवर एक सल्लागार आयोग नेमावा, अशी मागणी आहे. कच्चा मसुदा तयार आहे. २५ सदस्य, अध्यक्षपदी शहरातली मान्यवर व्यक्ती, उद्देश "शिक्षणाचा दर्जा उंचावणे व योग्य त्या सूचना करणे", आणि बैठक "आवश्यकतेनुसार". वाचताना काहीतरी राहतंय असं वाटतं, पण नेमकं काय ते बोट ठेवून सांगता येत नाही.

विचारायचं ते असं. नेमणूक आयुक्तांच्या आदेशाने व्हावी की सभेच्या ठरावाने? सदस्य किती आणि कोण असावेत? गुणोत्सवाचे, म्हणजे राज्याच्या शाळा-मूल्यमापनाचे, गुण दरवर्षी येतातच, मग आयोगाने वेगळं काय तपासायचं? आणि अहवाल कपाटात जाऊ नये यासाठी आधीच काय बांधून घेता येईल? मराठी माध्यमाच्या शाळांचा मुद्दा वेगळा घालावा का, हेही सांगा.

ठरावलेखक

मसुद्यातला पहिला दोष २५ हा आकडा नाही. आयोग कोणाला सल्ला देणार हेच त्यात लिहिलेलं नाही, खरी अडचण ती आहे.

समितीच्या शाळा एकाच हातात नाहीत. शाळा चालवते नगर प्राथमिक शिक्षण समिती. ती १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याखालची संस्था आहे आणि तिचा कारभार शासनाधिकारी बघतात. इमारत, पाणी, ड्रेनेज, कंपाउंड वॉल यांचा संबंध महापालिकेच्या अभियांत्रिकी खात्याशी आणि अंदाजपत्रकाशी येतो. शिक्षकभरती, विद्यासहायक (ठरावीक पगारावर घेतलेले नवे शिक्षक) आणि ज्ञानसहायक (कंत्राटी शिक्षक) यांचे नियम, पाठ्यक्रम, गुणोत्सव हे सगळं गांधीनगरला ठरतं. समग्र शिक्षा योजनेचं अनुदान केंद्र आणि राज्य मिळून देतात. आयोगाने "शिक्षक भरा" असं सेवासदनाला लिहिलं, तर सेवासदन ते पत्र गांधीनगरला पाठवणार आणि विषय तिथेच संपणार. उलट, हातात असलेल्या शिक्षकांची शाळाशाळांत वाटणी नीट करा, असं समितीला सांगितलं तर ते काम शहरातच होऊ शकतं. म्हणून प्रत्येक शिफारशीसमोर ती कोणाच्या हातातली आहे हा रकाना सक्तीचा करा. राज्याच्या हातातल्या गोष्टी अहवालाच्या वेगळ्या भागात टाका. तो भाग आयोगाने नव्हे, समितीने स्वतःच्या पत्रासह राज्याकडे पाठवावा.

आदेश की ठराव? ठराव. आयुक्तांच्या परिपत्रकाने आयोग पंधरा दिवसांत उभा राहतो, पण आयुक्त बदलले की त्याला वाली उरत नाही. सामान्य सभेचा ठराव घ्या, आणि त्याला जोडून शिक्षण समितीचा स्वतंत्र ठराव घ्या: आम्ही या आयोगाला माहिती देऊ आणि उत्तर देऊ. हा दुसरा ठराव लोक विसरतात. समिती वेगळी संस्था आहे, त्यामुळे फक्त पालिकेचा ठराव असेल तर हजेरीपट दाखवायला मुख्याध्यापक बांधील आहेत का, यावरच पहिले तीन महिने जातात.

आता सदस्य. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ३४ मध्ये राज्य सल्लागार परिषदेला जास्तीत जास्त १५ सदस्यांची मर्यादा आहे. अख्ख्या राज्याला १५ पुरतात, तर शहराला १३ पुरे. माझी मांडणी अशी: व्यवस्थापन समित्यांतले चार पालक, त्यांत किमान दोन माता, दोन वर्गशिक्षक आणि एक मुख्याध्यापक, तिघे वेगवेगळ्या माध्यमांचे, एका माध्यमिक शाळेचे प्राचार्य, कारण समितीच्या शाळेतली मुलं आठवीनंतर त्यांच्याकडेच जातात, एक अंगणवाडी-बालवाटिकेचं काम जाणणारी व्यक्ती, दिव्यांग मुलांचा एक विशेष शिक्षक, एक निवृत्त स्थापत्य अभियंता, एक हिशेब तपासणारा, आणि विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागातली एक व्यक्ती. झाले तेरा. नगरसेवक यात नकोत असं नाही, पण ते सभेत आणि समितीत आहेतच, शिफारशी त्यांच्यापुढेच जाणार आहेत. अध्यक्ष सदस्यांनी आपल्यातूनच निवडावा. मान्यवर व्यक्तीचं नाव उद्घाटनाला उपयोगी पडतं, पण महिन्याला दोन दिवस शाळांत फिरायला तिला वेळ नसतो.

गणवेश, पुस्तकं, स्मार्ट बोर्ड पुरवणारे किंवा खासगी शाळा चालवणारे यांनी हितसंबंध लेखी जाहीर करावेत आणि त्या विषयाच्या चर्चेतून बाहेर राहावं. ओळीने तीन बैठकांना गैरहजर राहिलं की जागा रिकामी धरावी. आपल्याऐवजी प्रतिनिधी पाठवण्याची मुभा देऊ नका. दर वेळी नवा माणूस येतो आणि मागची चर्चा पहिल्यापासून सुरू होते.

खडूफळा

ठरावलेखकांशी सहमत. मी तपासणीबद्दल लिहिते, कारण आयोगाची पत यावरच ठरते.

गुणोत्सवाचे गुण घ्या, ते बाजूला ठेवू नका. पण त्या गुणांत सगळं एकत्र मिसळलेलं असतं. आयोगाने चारच गोष्टी मोजाव्यात आणि त्या स्वतः मोजाव्यात: वर्गात प्रत्यक्ष किती मुलं आहेत, त्यांना वाचता येतं का, शिक्षक किती तास शिकवू शकतात, आणि नळ-संडास चालू आहेत का. याहून जास्त घेतलं तर एकही नीट होत नाही.

शाळांची निवड. सगळ्या शाळा बघायला जाऊ नका. २४ शाळा घ्या, पण सोयीच्या नकोत. यादीचे आधी गट पाडा: जुन्या शहरातल्या पोळांमधल्या, म्हणजे दाट गल्लीवस्त्यांतल्या, मकरपुरा औद्योगिक वसाहतीकडच्या, विश्वामित्रीच्या काठच्या सखल भागातल्या, आणि नव्याने हद्दीत आलेल्या. मग प्रत्येक गटात माध्यम, पट आणि सकाळ-दुपार पाळी बघून चिठ्ठ्या टाका. चिठ्ठ्या बैठकीत सर्वांसमोर टाका, म्हणजे "आमचीच शाळा का" हा प्रश्न उठत नाही.

हजेरी. जूनमध्ये मोजू नका, प्रवेशोत्सवाच्या दिवसांत पट फुगलेला असतो. जुलैचा दुसरा आठवडा धरा आणि तीन वेगवेगळ्या दिवशी डोकी मोजा. मोजायची वेळ जेवणाच्या सुट्टीनंतरची, कारण काही मुलं जेवून घरी जातात आणि प्रार्थनेच्या वेळची हजेरी ते लपवते. मग तीन आकडे शेजारी मांडा: हजेरीपट, मध्यान्ह भोजनाची वही, आणि तुमची मोजणी. फरक दिसला की शिक्षकावर संशय घेऊन मोकळं होऊ नका. पुष्कळदा स्थलांतरित कुटुंब गावी गेलेलं असतं आणि नाव काढलं तर मूल परत आल्यावर अडचण होईल म्हणून ते पटावर ठेवलेलं असतं. कारण विचारा आणि लिहा.

वाचन. तिसरी, पाचवी आणि आठवी. प्रत्येक वर्गातून दहा मुलं, हजेरी क्रमांकाने ठरावीक अंतर सोडून. वर्गात ४० असतील तर दर चौथं. शिक्षकांना मुलं निवडायला सांगितलं तर हुशार दहा पुढे येतात, यात त्यांचा दोषही नाही. मजकूर दुसरीच्या पातळीचा आणि पाठ्यपुस्तकाबाहेरचा असावा, नाहीतर पाठ केलेलं म्हणून दाखवतात. केंद्राच्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेच्या लक्ष्यात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत असं आहे. त्यातला "अर्थासह" हा शब्द सोडू नका, वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारा. गतीचा आकडा सर्व भाषांना सारखा लावू नका. २०२२ च्या राष्ट्रीय पायाभूत अध्ययन पाहणीत प्रत्येक भाषेसाठी वेगळे मापदंड ठरवले गेले, ते याचसाठी.

मराठी माध्यमाचा मुद्दा इथे येतो. २०२३ च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे. म्हणजे मराठी माध्यमाचं मूल लहान वयातच दोन लिप्या शिकतं. गुजरातीला शिरोरेषा नाही, आणि क, ज, झ, ब यांसारखी काही अक्षरं बरीच वेगळी आहेत. अशा मुलाला एकाच भाषेत तपासून कच्चं ठरवणं अन्यायाचं आहे. दोन्ही भाषांत वेगवेगळं वाचायला द्या आणि घरी कोणती भाषा बोलतात तेही नोंदवा. मराठी माध्यमाच्या वर्गात घरची भाषा मराठीच असेल असं गृहीत धरू नका. या शाळांसाठी वेगळा आयोग नको, पण अहवालात वेगळं प्रकरण नक्की हवं, आणि त्यात एक सरळ प्रश्न हवा: मराठीतून आठवी झालेलं मूल नववीला कुठे जातं, आणि ते घरापासून किती किलोमीटर आहे?

शिक्षकांचा वेळ. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास आहेत, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. प्रत्यक्षात किती झाले ते दोन आठवड्यांच्या नोंदीतून कळतं: ऑनलाइन माहिती भरणं, चाचण्यांचे गुण चढवणं, मतदारयादी, सर्वेक्षणं. कलम २७ नुसार जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुकीचं काम शिक्षकांना देता येतं, त्याबाहेरचं बिनशैक्षणिक काम देता येत नाही. म्हणून शिफारस दोन तुकड्यांत लिहा. कायद्याबाहेरचं काम थांबवा. आणि कायद्यातलं काम वाटताना दोन-तीन शिक्षकी शाळेतले सगळे एकाच वेळी काढू नका. हा दुसरा तुकडा समितीला एका परिपत्रकाने करता येतो, त्याला एक पैसा लागत नाही.

नळ आणि संडास. "आहे/नाही" असा रकाना ठेवू नका, सगळीकडे "आहे" येईल. दुपारी दोन वाजता नळाला पाणी येतं का, आतून कडी लागते का, मुलींच्या संडासाला कुलूप आहे का आणि किल्ली कोणाकडे, वापरलेले सॅनिटरी पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, एवढं बघा. किल्ली मुख्याध्यापकांच्या खोलीत असेल तर तो संडास बंदच धरायचा.

जमाखर्च

पैसा आणि वेळापत्रक यावर कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं.

पालिकेचं अंदाजपत्रक आयुक्त जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत स्थायी समितीपुढे ठेवतात. शिक्षण समितीचे आकडे त्याआधी ठरतात. मार्चमध्ये आलेला अहवाल कितीही चांगला असला तरी वर्षभर त्याला पैसा नाही. म्हणून उलटे मोजा: ठराव एप्रिल-मे, नेमणुका जून, पाहणी जुलै-ऑगस्ट, पालकांच्या सुनावण्या सप्टेंबरमध्ये नवरात्र लागायच्या आत, आणि पहिला अहवाल दिवाळीच्या सुट्टीआधी. नवरात्रातल्या नऊ संध्याकाळी बडोद्यात कोणीही सुनावणीला येणार नाही.

शिक्षकांचा आकडा शहराच्या सरासरीवर बघू नका, शिक्षणहक्क कायद्याचं कलम २५ मुलं-शिक्षक प्रमाण प्रत्येक शाळेला लावतं. उदाहरण घ्या. एका शाळेत पहिली ते पाचवी ९० मुलं आणि ५ शिक्षक, दुसरीत १८० मुलं आणि ४ शिक्षक. एकूण २७० मुलांना ९ शिक्षक, म्हणजे बरोबर ३० ला १, कागद स्वच्छ. पण परिशिष्टाप्रमाणे ९० ला ३ पुरतात, तिथे दोन जादा आहेत. १८० ला ५ शिक्षक आणि शिवाय मुख्याध्यापक हवा, तिथे दोन कमी. भरतीची वाट न बघता हे जुळवता येतं, माध्यम एकच असेल तर. समितीकडून शाळावार महेकमाचं, म्हणजे शिक्षकपदांचं, पत्रक मागवा: मंजूर पदं, भरलेली, ज्ञानसहायक, आणि दुसरीकडे कामावर पाठवलेले. शेवटचा रकाना मुद्दाम मागा. कलम २६ नुसार रिकाम्या जागा मंजूर पदांच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ नयेत, तेही याच पत्रकातून कळेल.

शाळेच्या हातातला पैसा किती, हे पालकांना माहीत नसतं. समग्र शिक्षाचं एकत्रित शाळा अनुदान पटानुसार आहे: ३० पर्यंत १०,०००, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १ लाख रुपये, वर्षाला. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. २४० मुलांच्या शाळेला ५०,००० मिळाले, ५,००० स्वच्छतेला गेले, उरलेल्या ४५,००० चे महिन्याला ३,७५० झाले. त्यात खडू, दुरुस्ती, पंखे. म्हणून "शाळेने स्वतःच्या अनुदानातून छत दुरुस्त करावं" अशी शिफारस लिहूच नका. छत, वायरिंग, पाण्याची टाकी हे पालिकेच्या अंदाजपत्रकातच जायला हवं, आणि त्यासाठी आयोगातल्या अभियंत्याने ढोबळ अंदाज जोडायला हवा. खर्चाचा आकडा नसलेली शिफारस लेखा विभाग पुढे सरकवत नाही. विश्वामित्रीकाठच्या शाळांत दप्तर आणि संगणक तळमजल्यावर आहेत का, हेही त्याच फेरीत बघून घ्या. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर हे कोणाला समजावून सांगायला लागू नये.

आयोगाचा स्वतःचा खर्च ठरावात लिहा: दोन मदतनीस, छपाई, आणि पालक-सदस्यांना बैठकभत्ता. रोजंदारी बुडवून येणाऱ्या आईला भत्ता नसेल तर ती दुसऱ्या बैठकीला येत नाही, आणि मग पालकांच्या चार खुर्च्या रिकाम्या पडतात.

गेंडीगेटवासी

फार उपयोगी पडलं, तिघांचे आभार. आणखी तीन शंका. शिक्षकांना ही नवी तपासणी वाटेल, तर काय करावं? कमी पटाच्या शाळा बंद करायला आयोगाचाच आकडा वापरला गेला तर? आणि इतिवृत्त कोणी लिहायचं? शासनाधिकारी सदस्य-सचिव असावेत असं काहींचं म्हणणं आहे.

खडूफळा

शिक्षकांबद्दल: शाळेचं नाव आयोगाच्या कागदात राहील, पण वर्गाचं किंवा शिक्षकाचं नाव कुठेही येणार नाही, हे पहिल्या भेटीआधी लेखी द्या आणि पाळा. मुलांची नावं तर वाचनाच्या कागदावरही नकोत, हजेरी क्रमांक पुरे. भेटीनंतर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना आकडे दाखवा आणि त्यांचं म्हणणं खाली लिहून घ्या. तपासणीत शिक्षकांना विचारत नाहीत, इथे विचारलं जातं, एवढा फरक दिसला तरी वातावरण निवळतं. आणि फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकणाऱ्या सदस्याला पहिल्याच वेळी थांबवा.

कमी पटाचं: हा धोका खरा आहे. म्हणून पटाशेजारी अंतर लिहायचं. ही शाळा नसेल तर त्याच माध्यमाची पुढची शाळा किती लांब आहे आणि मधे कोणता मोठा रस्ता किंवा रेल्वे ओलांडावी लागते. नुसता ३५ हा आकडा शाळेविरुद्ध जातो. ३५ मुलं, त्यातल्या २० मुली, पुढची मराठी शाळा अडीच किलोमीटरवर आणि मधे रेल्वेमार्ग, असं लिहिलं की विलीनीकरणाचा कागद पुढे ढकलणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

ठरावलेखक

शासनाधिकारी सदस्य-सचिव नकोत. उत्तर ज्यांनी द्यायचं त्यांच्याच हातात प्रश्नांची नोंद देऊ नये. त्यांना कायम निमंत्रित ठेवा, मत देण्याचा अधिकार नको. सचिवपद विद्यापीठाच्या सदस्याकडे किंवा निवृत्त मुख्याध्यापकाकडे द्या. इतिवृत्त सात दिवसांत, गुजरातीत, आणि बैठकीत ज्यांना मराठी किंवा हिंदीत समजावून हवं त्यांना तिथेच तोंडी सांगायचं. बैठका पालिकेच्या खंडेराव मार्केटमधल्या कचेरीत नकोत, दर वेळी वेगळ्या शाळेत, संध्याकाळी सहानंतर किंवा रविवारी.

शिफारशी पहिल्या वर्षी दहापेक्षा जास्त नकोत. ऐंशी शिफारशी दिल्या तर खातं सोप्या साठ करून "७५ टक्के अंमलबजावणी" असं उत्तर देतं आणि अवघड वीस तशाच राहतात. जे नवं आहे ते आधी थोड्या शाळांत करून बघायला सांगा. जुन्या बडोदा संस्थानात सयाजीराव महाराजांनी सक्तीचं शिक्षण १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरू केलं आणि संपूर्ण संस्थानाला लागू केलं ते १९०६ मध्ये. महाराजांनी आधी लहान जागी अडचणी बघितल्या.

मसुद्याचा गाभा असा ठेवा, बाकी भाषा तुमची:

"महापालिकेची सामान्य सभा १३ सदस्यांचा शाळा सल्लागार आयोग दोन वर्षांसाठी नेमत आहे. आयोग उपस्थिती, वाचन, अध्यापनाचा वेळ आणि पाणी-स्वच्छता या चार विषयांवर दरवर्षी ३१ ऑक्टोबरपूर्वी अहवाल देईल. मागितलेली शाळावार माहिती शिक्षण समिती व संबंधित खाती १५ दिवसांत देतील. प्रत्येक शिफारशीवर ज्या खात्याच्या हाती ती आहे ते खाते ६० दिवसांत स्वीकार, अंशतः स्वीकार किंवा नकार, कारण व तारखेसह लेखी कळवेल. अहवाल व उत्तरे एकाच वेळी संकेतस्थळावर आणि प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर लावली जातील. ६० दिवसांत उत्तर न आलेल्या शिफारशी सामान्य सभेच्या पुढील बैठकीच्या कामकाजात आपोआप घेतल्या जातील."

जमाखर्च

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. छाननीत तेच आधी कापायला निघतील, किंवा "आपोआप" च्या जागी "शक्यतो" घालतील. तिथे अडून राहा. आणि "दोन वर्षांसाठी" पुढे अंदाजपत्रकातल्या तरतुदीचा उल्लेख हवा, नाहीतर मदतनीसांचा पगार पहिल्याच महिन्यात अडेल.

गेंडीगेटवासी

दोन्ही बदल करून मसुदा व्यवस्थापन समित्यांना रविवारी वाचून दाखवतो. पालकांच्या नावांसाठी प्रत्येक माध्यमातून दोन-दोन माता सुचवायला सांगतो, म्हणजे निवडायला वाव राहील.